नात्याचा रकाना

खिडकीतल्या कारकुनाने तेच तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पंचफुलाने पदर कमरेला खोचला. मिलमधल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की आता ही इथून हलायची नाही. पण हा कारकून ओमप्रकाश अकोल्याच्या कामगार विमा कचेरीत नवा होता, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

"बाई, सोपी गोष्ट आहे," तो म्हणाला. "मी फॉर्मवर 'मुलगी' लिहितो. नाव ललिता, वय सात. तुमचं वय पंचेचाळीस. कोण विचारायला येतंय? सारे असंच लिहितात."

"सारे लिहीत असतीन. मी नाई लिहीत."

"अरे, पण का?"

"ती माही मुलगी नाई म्हणून. नात हाये. माह्या पोरीची पोरगी."

"नातीला विमा नाही ना बाई. नवरा चालतो, पोटची पोरं चालतात, दत्तक घेतलेलं चालतं. नात चालत नाही."

"मंग चालवा," पंचफुला म्हणाली.

मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. पंचफुला हसली नाही. तिने हसण्यासारखं काही सांगितलंच नव्हतं.

पंचफुला मिलच्या रीळ खात्यात होती. सुताच्या लडी करायचं ते खातं, तिथं सगळ्या बायाच. बारा वर्षं ती तिथं उभ्याने राबत होती आणि विम्याचं कार्ड तिच्या नावाचं होतं, नवऱ्याच्या नाही. तिचा नवरा श्रावण पूर्वी त्याच मिलमध्ये गठाणी वाहायचा. खांदा निखळला तेव्हापासून तो घरी असे आणि आता नातीचं सगळं तोच बघे. बघायचं काय थोडं होतं? ललिताच्या पाठीच्या मणक्याला क्षय झाला होता. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरने तिला काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टरचा कोट चढवला होता आणि बजावून सांगितलं होतं: दीड वर्ष उताणं निजवायचं, दीड वर्ष सुया आणि गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही. मध्येच तुटलं तर पोरगी जन्मभर वाकून चालेल, नाहीतर चालणारच नाही. प्लास्टर दवाखान्याने फुकट घातलं. सुया बाजारातून आणायच्या होत्या. त्यामुळे एक दिवस सुई आणि दोन दिवस नुसती वाट, असं चाललं होतं.

म्हणजे ओमप्रकाश भल्यासाठीच सांगत होता. एक शब्द बदलला की औषध सुरू. मग ही बाई एवढी ताठ का?

ताठ असायला कारण होतं. तिच्याच खात्यातल्या केशरबाईने बहिणीच्या पोराला आपला मुलगा म्हणून लावलं होतं. आठ महिन्यांनी कुणीतरी चुगली केली, चौकशी आली, कार्ड गेलं आणि पोराचं औषध अर्ध्यात तुटलं. ते पोर पुढं कसं झालं ते पंचफुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दीड वर्षाचं औषध तिला खोट्यावर उभं करायचं नव्हतं.

दुसरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ललिताची आई, पंचफुलाची एकुलती एक लेक चतुरा, चार वर्षांपूर्वी छातीच्या रोगाने गेली. ती जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत राबायची, आणि जिनिंगच्या हंगामी बायांना कार्ड नव्हतं. तेव्हा विमा नुकताच आला होता. पंचफुला तिला हाताला धरून आपल्या कार्डावर दवाखान्यात घेऊन गेली होती. आतून सांगितलं, मुलगी वयात आलेली, लग्न झालेलं, तुमच्या कार्डावर चालत नाही. चतुरा पायरीवर बसून खोकत राहिली, मग दोघी घरी आल्या. आज ललिताला आपली मुलगी म्हणून लिहायचं म्हणजे चतुरा कधी झालीच नव्हती असं लिहायचं. तेवढं मात्र पंचफुला मरेपर्यंत करणार नव्हती.

शेवटी गोंधळ ऐकून आतले साहेब बाहेर आले. शांत माणूस होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नियमांचं पुस्तक उघडून पाहिलं, मिटलं.

"नातीचा नियम नाही हे खरं," ते म्हणाले. "पण कोर्टाने तुम्हाला तिचे पालक नेमलं, ती सर्वस्वी तुमच्यावर अवलंबून आहे असं कोर्टाच्या कागदावर आलं, तर मी वर लिहीन. मंजूर होईलच असं सांगत नाही."

"लिहान ना पण?"

"लिहीन."

"मंग मी आणतो कागद," पंचफुला म्हणाली आणि खोचलेला पदर सोडला.

खुशालराव वकील मूर्तिजापूरकडचे, घरचे शेतीवाले, वकिलीत नवे. नवे होते म्हणूनच त्यांनी हे काम घेतलं, असं बार रूममध्ये लोक म्हणत. त्यांनी पंचफुलाला आणि श्रावणला समोर बसवून पहिलाच प्रश्न विचारला, पोरीचा बाप जिवंत आहे का?

"जिवंत हाये ना. शेषराव नाव. धामणगाव रेल्वेले धान्याच्या बाजारात हमाली करते."

"मग अवघड आहे. बाप असताना कोर्ट आजा-आजीला पालक नेमत नाही. त्याने पोरीला सोडल्याचा काही पुरावा?"

पंचफुलाचा चेहरा उजळला. हाच तर तिचा हुकमी पत्ता होता. "कागद हाये, साहेब. छप्पनच्या उन्हाळ्यात त्याच्या गावी पंच बसले होते, दर्यापुराजोळ. शेषरावनं दुसरी बाई ठेवली म्हणून काडीमोड केली. पंचाइच्या समोर काडी मोडली आन् तो म्हणाला, पोट्टी मले नोको, मायनंच पोसाव. तसं लिहून घेतलं. त्याचा अंगठा, पाच पंचाइचे अंगठे. पोट्टी तवा सहा महिन्याची होती."

"उत्तम. तो कागद उद्याच आणा."

"देव्हाऱ्यात ठेवला होता मी. देवाच्या आसनाखाली, लाल फडक्यात. आता देव्हारा नाई, तं पेटीत असंन." ती श्रावणकडे वळली. "अजी, पेटीतच ठेवला ना तुमी?"

श्रावण आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता. मान वर न करता तो म्हणाला, "चतुराची माय, तो कागद देवाइसंगं गेला."

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. त्याच वर्षी दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्या आल्या श्रावणने देव्हारा रिकामा केला. खंडोबा, मरीआई, बापजाद्यांचे टाक, सगळं एका धोतरात बांधलं आणि मोर्णेच्या पाण्यात सोडलं. अकोल्यातल्या कितीतरी घरांनी त्या आठवड्यात तेच केलं. पण त्या घरांत देवाखाली कागद नव्हता. आणि कागद देवाखाली कुणी ठेवला होता? पंचफुलाने. घरात त्याहून भरवशाची जागा नव्हती म्हणून. आणि बांधताना श्रावण जरा थांबला, लाल फडकं हातात धरून बघू लागला, तेव्हा दारातून कोण ओरडलं होतं? "काई ठेवू नोका मागं, सारं बांधा," असं पंचफुलाच ओरडली होती. तिला ते आता लख्ख आठवलं.

"तुमाले कवा समजलं?" तिने विचारलं.

"आठ दिवसानं. दोनदा मोर्णेत उतरून चाचपलं मी. मंग तुले सांगाची हिंमत नाई झाली."

सात वर्षं हा माणूस गप्प होता. पंचफुलाला राग आला, खूप आला, आणि त्या रागाला जायला जागा मिळेना, कारण अर्धा तिच्याच वाट्याचा होता. खुशालरावांनी टेबलावरची दौत उगीच इकडची तिकडे केली.

"देव बुडवल्याचं मले काई नाई, साहेब," ती वकिलांना म्हणाली. "ते बुडवालेच पायजे होते. कागद तेवढा कोरडा राहाले पायजे होता. आता पुढचं सांगा."

पुढचं म्हणजे पंच. पाचातले चार वारले होते. उरले नत्थुजी.

नत्थुजींचा त्या गावात दरारा होता. पूर्वी पंचांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा असे. दीक्षेनंतर त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर पंचायत मोडली, जातीचं बसणं संपलं म्हणून सांगितलं, आणि गावाबाहेर मातीच्या भिंतींचा छोटा विहार बांधला. पंचफुला आणि श्रावण गेले तेव्हा ते तिथंच अंगण सारवून घेत होते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"कागदच पायजे ना? लिहून देतो. जुनी तारीख टाकू. गावात दोन बुढे हायेत, अंगठे मारतीन. कोन पुसते?"

श्रावणच्या जिवात जीव आला. त्याने कप खाली ठेवला आणि हात जोडणार तेवढ्यात पंचफुला बोलली.

"कागद नोको, नत्थुजी. तुमी या."

"कुठी?"

"कोर्टात. जे पायलं ते सांगाले."

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. "बाई, तथी उभं राहून मी काय सांगू? मी पंच होतो म्हणू? वकील पुसंन कोन्या जातीचा पंच. जे तोंडानं टाकलं ते पुन्हा तोंडात घेऊ? माह्याकून नाई व्हाचं. कागद लिहून नेतं तं ने."

"म्हंजे घरात बसून खोटं लिहाले तुमी तयार," पंचफुला म्हणाली, "आन् चार माणसांत उभं राहून खरं बोलाले तुमाले लाज वाटते."

श्रावणने डोळे मिटून घेतले. नत्थुजींना असं कुणी बोललेलं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. आजूबाजूला सारवणाऱ्या बायांचे हात थांबले. पंचफुलाला भीती वाटली नाही असं नाही, पण शब्द निघून गेला होता आणि तो तिला परत घ्यायचाही नव्हता.

"जा तुमी," नत्थुजी म्हणाले. "यष्टी सुटंन."

परतीच्या एस.टी.त श्रावण मागच्या बाकावर जाऊन बसला. दर्यापूर मागे पडल्यावर एवढंच म्हणाला, "तो कागद घेतला असता तं काय बिघडलं असतं?"

"केशरबाईचं पोट्टं पायलं ना तुमी?"



घरी शेजारीण ललिताजवळ बसली होती. ललिता सागाच्या लांब पाटावर उताणी पडून छपराचे वासे मोजत होती. तिला सगळ्या घरावर हुकूम सोडायची सवय लागली होती, आणि का लागू नये? जिला उठून बसताही येत नाही तिने पडल्या जागी राज्य नाही करायचं तर काय करायचं.

"आबाजी, माहे पाय दाबा. आजी, तू नोको, तुहे हात खरबरीत हायेत." मग जरा थांबून तिने विचारलं, "आज सुई हाये का नाई?"

"आज नाई. उद्या."

"उद्या नक्की?"

"उद्या नक्की," पंचफुला म्हणाली, आणि आत जाऊन चुलीपाशी उगीच फुंकणी शोधत बसली. दुसऱ्या दिवशीची सुई कुठून आणायची ते तिलाही ठाऊक नव्हतं.

कोर्टाची नोटीस धामणगावला गेली आणि शेषरावचं उत्तर आलं. तो गप्प बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण दुसऱ्या बायकोला सात वर्षांत मूल झालं नव्हतं, आणि नोटीस हातात पडल्यावर त्याला एकदम आठवलं की आपण बाप आहोत. त्याने वकील दिला. उत्तरात लिहिलं होतं की मुलगी त्याची आहे, त्याने तिला कधी सोडलं नाही, काडीमोड वगैरे काही झालं नाही, आणि मुलीला धामणगावला आणून तो तिथल्या हाडवैद्याकडून मालीश करून तिची पाठ सरळ करून घेईल.

खुशालरावांनी हे वाचून दाखवलं तेव्हा पंचफुला उठून उभी राहिली. त्या मणक्यावर मालीश. अमरावतीच्या डॉक्टरने पोरीला उचलताना चार माणसं लावली होती. इतके दिवस तिला वाटत होतं की हरलो तर औषध जाईल. आता कळलं की हरलो तर पोरगीच जाईल.

त्याच बैठकीत खुशालरावांनी तिचं लेखी निवेदन वाचलं. "अर्जदार जातीने" असं म्हणून त्यांनी पुढचं नाव उच्चारलं. पंचफुलाने हात वर केला.

"ते काटा. बौद्ध लिहा."

"बाई, काडीमोड जातीच्या रिवाजाने झाली. जात लिहिल्याशिवाय रिवाज सिद्ध कसा करू?"

"रिवाज तवाचा होता. आमी आताचे हावोत. तवाचं तवा म्हणून लिहा, आमाले बौद्ध लिहा."

"केस कच्ची होईल."

"मी पक्की करतो," पंचफुला म्हणाली. खुशालरावांनी सुस्कारा टाकून शब्द खोडला.

सुनावणी माघात लागली. जज्जसाहेब पुण्याकडचे होते आणि वऱ्हाडातली माणसं बोलतात की भांडतात हे त्यांना अजून नीट कळत नसे. पंचफुला मिलमध्ये खाडा करून आली होती, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून. श्रावण ललिताजवळ घरी थांबला. कोर्टाच्या आवारात तिने चहूकडे पाहिलं. नत्थुजी आले नव्हते.

शिपाई तिच्यासमोर उभा राहिला. "म्हणा, ईश्वराची शपथ घेऊन सांगते की…"

"ईश्वराची नाई घेत."

"म्हणजे?"

"आमचे देव आमी मोर्णेत बुडवले, बापू. बुडवलेल्या देवाची शपथ घेतली तं पयल्याच बोलात मी खोटी पडतो. दुसरं काई असंन तं द्या."

मागच्या बाकांवर हशा उठला. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, तसा तो बसला. "प्रतिज्ञेवर घ्या," ते शिपायाला म्हणाले. मग पंचफुलाने खरं सांगायची प्रतिज्ञा केली, आणि खुशालरावांच्या प्रश्नांना जे झालं ते सरळ सांगितलं, कागद नदीत कसा गेला तेही.

मग शेषरावचा वकील उठला. जुना, मुरलेला माणूस.

"तुमची जात?"

"बौद्ध."

"त्याआधीची?"

"ती सोडली."

"काय सोडली ते नाव सांगा."

"सोडलेल्याचं नाव मी घेत नाई."

तिने घेतलं नाही, तर मी तरी ते इथं कशाला लिहू. जज्जसाहेब म्हणाले, "बाई, विचारलं त्याचं उत्तर द्या." ती म्हणाली, "देल्लं ना, साहेब. तुमच्या कागदावर बौद्ध लिहा." जज्जसाहेबांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

वकिलाला तेवढंच हवं होतं. तो कोर्टाकडे वळला. "म्हणजे यांनी जात सोडली, देव सोडले, रिवाज सोडले. सोयीची काडीमोड तेवढी ठेवली. कागद नाही. साक्षीदार नाही. मग ती काडीमोडही बुडाली असं का समजू नये? मयत चतुरा शेवटपर्यंत माझ्या अशिलाची बायको होती आणि मुलगी त्याची आहे."

पंचफुलाला प्रश्न विचारलेला नव्हता. पण ती गप्प राहणारी असती तर ही गोष्ट विमा कचेरीच्या खिडकीपाशीच संपली असती.

"देव बुडवले, साहेब, कागद बुडाला," ती म्हणाली. "पोट्टी नाई बुडवली. तिले सात वर्षं कोन पोसून राह्यलं? ते कोन्या जातीच्या रिवाजात बसते ते या वकीलसाहेबाले पुसा. चतुरा मेली तवा हा नवरा मातीले नाई आला. आज नोटीस गेली तं बाप झाला."

"बाई, पुरे," जज्जसाहेब म्हणाले, पण आवाज मोठा नव्हता.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात काठी. नत्थुजी आत आले आणि कुणी बोलवायची वाट न पाहता खुशालरावांच्या मागे येऊन उभे राहिले. पंचफुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्यांची साक्ष लहानशी झाली. काडी मोडताना पाहिली. शेषरावने पोरगी नको म्हटलं ते ऐकलं. कागद त्यांच्यासमोर लिहिला गेला. शेषरावचा वकील म्हणाला, तुम्ही जातीचे पंच होता ना? नत्थुजींनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"होतो. आता नाई. मी अथी पंच म्हणून आलो नाई, पायलं ते सांगाले आलो. येत नव्हतो. या बाईनं मले माह्या अंगणात लाज आणली, म्हणून आलो."

पण एक म्हातारा साक्षीदार आणि एक तोंडाळ बाई, एवढ्यावर बापाचा हक्क जात नाही, हे खुशालरावांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेषराव साक्षीला उभा राहिला तेव्हा तो काही वाईट माणूस वाटला नाही. खांदे ओझ्याने वाकलेले, आवाज मऊ. माझी पोरगी मला द्या, मी तिला जीव लावीन, असं तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला ते त्याला खरंच वाटत होतं. कोर्टातली दोन-चार माणसं हळहळली.

पंचफुलाने खुशालरावांचा कोट मागून ओढला आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. खुशालराव म्हणाले, हा काय प्रश्न आहे? ती म्हणाली, पुसा तं खरं.

"शेषराव," खुशालरावांनी विचारलं, "तुमची मुलगी कोणत्या कुशीवर निजते?"

शेषराव गोंधळला. त्याने आपल्या वकिलाकडे पाहिलं, वकिलाने खांदे उडवले. एवढ्याशा प्रश्नात काय फसायचं, असं वाटून त्याने उत्तर दिलं.

"डाव्या. लेकरं डाव्याच कुशीवर निजतेत."

"ती कुशीवर निजतच नाई," पंचफुला म्हणाली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. "सहा महिने झाले, पाटावर उताणी हाये. कूस बदलता येत नाई तिले. पायाले डास चावला तं खाजवता येत नाई. रात्री चार डाव उठून तिचे पाय आमी हलवतो. आन् हा तिले मालीशवाल्याकडं न्याले निंघाला."

शेषरावने कठड्यावर ठेवलेला हात मागे घेतला. "मले हे कोनी सांगतलं नाई," तो हळूच म्हणाला.

"तू पुसलं कवा?"

जज्जसाहेबांनी तिला या वेळी थांबवलं नाही. ते खाली मान घालून लिहीत होते.

हुकूम पंधरा दिवसांनी झाला. ललिता हिचे पालक म्हणून आजोबा श्रावण आणि आजी पंचफुला यांना नेमण्यात येत आहे. मुलीचं हित पाहता बापाचा ताबा योग्य नाही. त्या दिवशी शेषराव कोर्टाबाहेर निंबाच्या झाडाखाली उभा होता, हातात रुमालात बांधलेली संत्री घेऊन. पंचफुला त्याच्यासमोर थांबली. तिला त्याला खूप काही सुनवायचं होतं, सात वर्षं साठवलेलं. पण संत्री पाहून तिला ते बोलवेना.

"भेटाले ये," ती म्हणाली. "न्याले नोको येऊ."

विमा कचेरीच्या साहेबांनी शब्द पाळला आणि वर लिहिलं. वरून उत्तर यायला तीन महिने लागले, पण आलं, खास बाब म्हणून मंजूर. ओमप्रकाशने तिला खिडकीपाशी बोलावून फॉर्म पुढ्यात ओढला.

"नाव, ललिता. वय, आता आठ. नाते…" त्याने टाक दौतीत बुडवला आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "नात. झालं बाई तुमच्या मनासारखं?"

"मायचं नाव?"

"त्याचा रकाना नाही."

"मंग पाडा."

ओमप्रकाश नवा होता तेव्हा त्याने वाद घातला असता. आता त्याला कळलं होतं. त्याने लाकडी पट्टी घेतली, कोऱ्या समासात एक आडवी आणि एक उभी रेघ ओढली, वर 'आई' लिहिलं आणि खाली 'चतुरा'.

"मयत लिहू?"

"नाव लिहा. मेल्याचं मले मालूम हाये."

दुसऱ्या दिवशी मिल सुटल्यावर ती औषध घ्यायला विम्याच्या दवाखान्यात गेली. दवाखाना तोच होता आणि पायरीही तीच, जिच्यावर चतुरा खोकत बसली होती. पंचफुला त्या पायरीवर बसली नाही. आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. कंपाउंडरने सुयांचा खोका आणि गोळ्यांच्या पुड्या खिडकीत ठेवल्या, कार्ड उघडलं आणि त्यावर फॉर्मवरून जसं उतरवलं होतं तसं मोठ्याने वाचलं, "ललिता, आई चतुरा."

पंचफुला जागची हलली नाही. कंपाउंडरने मान बाहेर काढून पाहिलं. "बाई, तुमचंच आहे ना हे? ऐकू नाही आलं?"

"नाई आलं," पंचफुला म्हणाली. "आणखी एक डाव वाचा. जरा जोरानं."